नऊ किलोंचं जाकीट

आता जे सांगायचं आहे त्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि न बसलेलाच बरा. कारण या घरातल्या निम्म्या भानगडी एकमेकांवर विश्वास ठेवल्यामुळेच झाल्या आहेत. पण एकोणऐंशी वर्षांचा, फुंकर मारली तर पलीकडच्या गच्चीवर जाऊन पडेल असा एक म्हातारा एका रविवारी सकाळी नऊ किलो लोखंड अंगावर घालून दोन जिने उतरला, गल्ली ओलांडून वाचनालयाच्या पाच पायऱ्या चढला आणि वर पोहोचल्यावर “आज कसं हलकं हलकं वाटतंय” असं म्हणाला, हे अगदी खरं आहे. ज्याला खोटं वाटत असेल त्याने नऊ किलो घेऊन चढून पाहावं आणि मग बोलावं. बोलायला दम उरला तर.

त्या सकाळी नानांनी पलंगाखालची पेटी ओढली. पन्नास वर्षं दुकानादुकानांतले तराजू नीट करत फिरलेल्या माणसाच्या पेटीत दुसरं काय असणार? वजनं. दोन किलोंची दोन, थोराड आणि अबोल. एक किलोची तीन. अर्ध्याची चार, गुबगुबीत. या वजनांच्या जोरावर नानांनी आयुष्यभर भल्याभल्या दुकानदारांची लबाडी पकडली होती. पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा त्यांना दारातून दिसायचा. “काट्यापुढे सगळे सारखे,” असं म्हणत म्हणत त्यांनी दोन मुलं वाढवली. आणि आता तेच नाना एकेक वजन फडक्याने पुसून जाकिटाच्या आतल्या खिशात सोडत होते. नऊ वजनं, नऊ खिसे. शेवटचं वजन गेलं तेव्हा जाकीट असं काही खाली ओढलं गेलं, की नानांची मान आपोआप नम्र झाली.

कारण एकच होतं. थोरली स्वतः येणार होती.

थोरली म्हणजे मुख्याध्यापिका. शाळेतली आठशे मुलं तिच्या नुसत्या खाकरण्याने रांगेत उभी राहायची, तिथे बापाची काय कथा. आई गेल्यावर नाना वाळायला लागले तेव्हा तिनेच सगळ्यांना बसवून निकाल दिला होता. “पन्नास. पन्नासच्या खाली काटा गेला, की नाना माझ्याकडे. नवव्या मजल्यावर. चर्चा नाही.” धाकट्याने मान डोलावली. तो जन्मल्यापासून थोरलीपुढे मानच डोलवत आला होता. सूनबाईने डोलावली नाही, आणि ते थोरलीने बरोबर लक्षात ठेवलं.

नवव्या मजल्याला नानांची हरकत नव्हती. हरकत होती ती मधल्या अकरा तासांना. थोरली सकाळी सातला बाहेर पडणार, संध्याकाळी सहाला येणार. तोवर डब्यातलं गरम करायचं आणि खिडकीसमोर बसून खायचं. खिडकीतून ढग दिसतात म्हणे. पण ढग काही “अजून थोडं घ्या” म्हणत नाहीत.

तसं पाहिलं तर इथेही तेच चाललं होतं. बायको होती तेव्हा नाना अठ्ठावन्न भरायचे. ती गेल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांनी तिच्याच मापाने भात लावला आणि तीन दिवस एकटेच खात बसले. मग अर्धा लावला. मग, एकट्यासाठी कुकर लावायचा म्हणजे एका प्रवाशासाठी आगगाडी सोडायची, असं म्हणून कुकरच फळीवर चढवला. सकाळी चहात पाव, दुपारी पावावर चहा. कुणी विचारलं तर “आत्ताच झालं जेवण.” आणि ढेकर. तो ढेकर इतका सुरेख असायचा, की विचारणाऱ्यालाच भूक लागायची.

सूनबाई नर्स होती. तिचं आणि धाकट्याचं बिऱ्हाड वेगळं, गल्लीच्या टोकाला, आणि दिवसभर दोघंही कामावर. गल्लीतल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांना ती दर दोन महिन्यांनी वाचनालयात उभं करून तोलायची आणि पुठ्ठ्याच्या कार्डावर आकडा लिहायची. मागच्या खेपेला नानांनी पँटच्या खिशांत तीन किलो घातले आणि काटा एकावन्नच्या वर नेला. पण पँट घसरायला लागली आणि कार्डावर सही होईपर्यंत नानांना दोन्ही हात कमरेवर ठेवून, भाषणाला उभं राहिल्यासारखं उभं राहावं लागलं. म्हणून दुसऱ्याच दिवशी ते समोरच्या शिंप्याकडे गेले.

“मास्तर, या जाकिटाला आतून खिसे पाहिजेत. मजबूत.”

“किती?”

“नऊ.”

मास्तरांनी तोंडातली टाचणी काढली. “नऊ? ठेवणार काय त्यात?”

“रुमाल.”

“नऊ रुमाल? सर्दी कुणाला झालीय, हत्तीला?”

“तुम्ही शिवा हो. चौकशा कशाला?”

“आणि या पँटला काय झालं? गाठोडं बांधल्यासारखी का धरलीय?” मास्तरांनी गळ्यातली फीत काढली आणि नाना नको नको म्हणत असताना कमरेभोवती फिरवली. मग चष्मा कपाळावर चढवून पुन्हा पाहिलं. “सत्तावीस. काटेवाले, मागच्या वर्षी माझ्या वहीत तुमची कंबर बत्तीस आहे. पाच इंच कुठे विसरून आलात?”

“फीत आटली असेल.”

“फीत नाही आटत. माणूस आटतो.”

नानांनी पँट वर ओढली.

मास्तरांनी जाकीट उलटसुलट करून पाहिलं. “शिवतो. नऊच्या नऊ शिवतो, दुहेरी अस्तर घालून. पण एक अट. रोज दुपारी एक वाजता या टेबलावर जेवायला यायचं. ज्या दिवशी नाही आलात, त्या दिवशी मी एक खिसा उसवणार.”

“हे टेबल कापड कापायचं आहे.”

“एक ते दोन ते जेवायचं असतं. माझ्याकडे पोस्टातल्या बाई येतात, घड्याळजी येतो. आणखी एक ताट मावतं.”

झालं. मास्तरांनी पँट सत्तावीसवर आवळून दिली आणि नाना रोज जेवायला जाऊ लागले. खिशांसाठी, असं ते स्वतःला सांगत. शनिवारी मास्तर त्यांचे कपडे इस्त्रीला ठेवून घेत आणि रविवारी परत देत. दोन महिने गेले. या दोन महिन्यांत नाना एकदाही स्वतःच्या काट्यावर उभे राहिले नाहीत. जगाची वजनं केलेल्या माणसाला स्वतःच्या वजनाची भीती वाटत होती. त्याऐवजी ते रोज सकाळी पँट घालून पाहत. पँट होती तशीच, ना घट्ट ना सैल. म्हणजे कंबरही होती तशीच, असा त्यांनी हिशेब बांधला. म्हणजे टेबलावर खाल्लेलं टेबलावरच राहतंय, अंगाला काही लागत नाही.

म्हणून त्या रविवारी तीन किलोंवर न थांबता त्यांनी पेटीच रिकामी केली. नाकापेक्षा मोती जड होईल, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. चोराला मोजणी कुठली?

वाचनालयात वर्तमानपत्रांचं लांब टेबल भिंतीला सरकवून सूनबाईने मधोमध तिचा काटा मांडला होता. काचेची एक चकती आणि त्यात हिरवे आकडे. नानांना ती बघवत नसे. बॅटरीवर चालणारा काटा म्हणजे भाड्याने आणलेला साक्षीदार, असं त्यांचं मत होतं. थोरली पहिल्या गाडीने येऊन सरळ पाठीच्या खुर्चीत बसली होती. मनगटावर घड्याळ, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. धाकटा दाराशी उभा होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि कुठल्याही खोलीत असाच दाराशी उभा राहायचा, जणू आत अडकायची भीती.

नाना आत आले. खण्. दुसरं पाऊल. खण्.

“नाना, हा आवाज कसला?” धाकट्याचे कान तयार होते.

“सांधे.”

“सांधे कुरकुरतात. हे खणखणतंय.”

“जुनी हाडं आहेत ती. तुमच्यासारखी प्लास्टिकची नाहीत.”

“बसा, आधी दम घ्या,” थोरली म्हणाली आणि खुर्ची पुढे केली. नाना टेकले. खुर्चीचे चारही पाय चार दिशांना बघू लागले. नाना तत्परतेने उठले. “बसायला कशाला? आधी काम, मग बसणं.”

आणि ते काचेवर चढले.

हिरवे आकडे धावले, अडखळले, पुन्हा धावले आणि थांबले. साठ पूर्णांक चार.

“साठ!” धाकटा ओरडला. “वा, नाना! ताई, पाहिलंस? साठ!”

थोरलीने चष्मा घातला. काढला, पुसला, पुन्हा घातला. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद पसरला, आणि मग त्या आनंदावर गणित येऊन बसलं.

“मागचं कार्ड दाखव गं.” सूनबाईने कार्ड दिलं. “एकावन्न पूर्णांक दोन. आज साठ पूर्णांक चार. दोन महिन्यांत नऊ किलो दोनशे. म्हणजे रोज दीडशे ग्रॅम. नाना, माणूस रोज दीडशे ग्रॅम वाढत नाही. भोपळा वाढतो.”

“मनावर घेतलं मी.”

“नाना,” सूनबाई गुडघ्यावर बसली. तिने त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला, काढला, पुन्हा दाबला. तिचा चेहरा गंभीर झाला. “मला हे बरं दिसत नाही. एवढ्या भराभर वजन वाढतं ते मांसाने नाही. अंगात पाणी भरलं की असं होतं.”

“पाणी?” थोरली उठून उभी राहिली.

“दवाखान्यात न्यावं लागेल. आजच्या आज. दहाबारा दिवस ठेवून घेतील, मग पुढचं ठरवू.”

“मी गाडी काढतो,” धाकटा म्हणाला.

नानांची पाचावर धारण बसली. नववा मजला चुकवायला आले आणि दवाखान्याची खाट पुढ्यात. “अरे, पाणी कुठलं! जेवण आहे ते! नुसतं जेवण!”

“काय जेवता एवढं?” थोरलीने विचारलं. तिच्या या आवाजापुढे आजवर एकही मूल टिकलं नव्हतं.

पण नाना मूल नव्हते. त्यांनी दोन्ही हातांनी जाकीट सावरलं आणि सुरू केलं. “सकाळी उठलं की सहा अंडी.”

“सहा?”

“सहा म्हणजे, त्यातली दोन बदकाची. मग पातेलंभर दूध. त्यानंतर न्याहारी.”

“मग ते आधीचं काय होतं?”

“ती तयारी. न्याहारीला एक डझन केळी. सालीसकट.”

“सालीसकट?”

“वेळ वाचतो. दुपारी भात. वाढायला पळी लहान पडते म्हणून आता फावडं आणलंय. परवा तर जेवता जेवता डोळा लागला, उठून पाहतो तर ताट साफ. झोपेत हात चालूच! पोस्टातल्या बाईंना विचार, त्या साक्षीला आहेत. त्याही थक्क झाल्या.”

“नाना, तुमच्या वरच्या दातांची कवळी सहा महिने ग्लासात आहे,” सूनबाई म्हणाली.

“म्हणून तर सांगतो! दात असते तर काय झालं असतं, विचार कर!”

धाकट्याच्या ओठांची कड हलली. थोरलीने त्याच्याकडे पाहिलं, तशी ती कड थांबली.

सूनबाईने कानांत नळी अडकवली. “जरा छाती ऐकते. हलू नका.” तिने नळीचं तोंड जाकिटावर डावीकडे टेकवलं. ऐकलं. सरकवलं. पुन्हा ऐकलं. “विचित्रच आहे.”

“काय?” तिघांनी एकदम विचारलं. तिघांत नाना स्वतः होते.

“ठोके लागत नाहीत.”

धाकटा पांढराफटक पडला. नानांनी घाईघाईने स्वतःची नाडी चाचपली. काय सांगावं, शिक्षा म्हणून थांबलीही असेल. सूनबाईने बोटाच्या पेराने टिचकी मारली. टण्.

“दगडाचं काळीज असतं असं ऐकलं होतं,” ती म्हणाली आणि जाकिटाची कड शांतपणे उलटली. “नाना, तुमच्या काळजावर तर ‘दोन किलो’ असं उठवलंय.”

मग काही लपवण्यात अर्थ नव्हता. एकामागून एक नऊ वजनं वर्तमानपत्रांच्या टेबलावर ठेवली गेली. प्रत्येक वजनाला एक धप् आणि प्रत्येक धपला थोरलीची एकेक भुवई वर. भुवया दोनच असल्यामुळे बाकीच्या वेळी तिला नुसतं बघत राहावं लागलं.

“आता जाकीट काढून उभे राहा,” ती म्हणाली.

नाना जाकीट काढून काचेवर चढले. आकडे बघायचे नाहीत म्हणून छताकडे पाहत राहिले. सदऱ्यातून खांद्याची हाडं दिसत होती. सत्तेचाळीस असेल, ते मनाशी म्हणत होते. फार तर अठ्ठेचाळीस. पेटीत सदरे किती घ्यायचे? आणि पुन्हा चढून येता येईल का कधी या पाच पायऱ्या?

“एकावन्न पूर्णांक चार,” धाकट्याने वाचलं.

खाली उतरून नाना पुन्हा चढले. एकावन्न पूर्णांक चार.

“काटा बिघडलाय,” नाना ठामपणे म्हणाले. इतक्या दिवसांत काटा पहिल्यांदा खरं बोलत होता आणि नानांना तो बिघडलेला वाटत होता.

“काटा ठणठणीत आहे.” दारात मास्तर उभे होते, गळ्यात फीत. “इस्त्रीचे कपडे घेऊन दहा वाजल्यापासून वाट बघतोय, म्हटलं बघावं इथे काय शिजतंय. काटेवाले, तुमची कंबर आता एकोणतीस आहे. शनिवारी इस्त्रीला घेतली की मी पँट थोडी सैल करून देत होतो. दोनदा केली.”

“मला न सांगता?”

“सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, झालं काम. आणि सोमवारपासून पुन्हा चहात पाव.”

“अहो, पण पँट तशीच राहिली म्हणून मी एवढं लोखंड ओढत आणलं!”

“मग व्यायामही झाला.”

थोरली मात्र सूनबाईकडे पाहत होती. “तू नळी बरोबर तिथेच टेकवलीस. तुला माहीत होतं.”

“आजचं दारातच कळलं. खणखणाट ऐकून.”

“आणि मागचं?”

सूनबाईने कार्डांची थप्पी नीट केली. “मागचंही. मी सगळ्यांचा दंडही मोजते ना, ताई. काटा एकावन्न म्हणाला आणि दंडावर फीत दोनदा फिरते की काय असं वाटलं. खिशात लोखंड घालता येतं, दंडात नाही.”

“आणि मला कळवलं नाहीस!”

“कळवलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी घेऊन गेला असता. म्हणून मी मास्तरांना कळवलं.”

नाना सावकाश मास्तरांकडे वळले. मास्तर पंख्याकडे बघू लागले. “म्हणजे ती अट? ते टेबल?”

“टेबल माझंच,” मास्तर म्हणाले. “अक्कल त्यांची.”

“आणि ते दवाखान्याचं?” धाकट्याने बायकोला विचारलं. त्याचा रंग अजून परतला नव्हता.

“म्हटलं, आपणहून कबूल करतील. पण हे तर बदकाच्या अंड्यांवर गेले.”

कुणीतरी हसलं असतं, पण थोरली हसत नव्हती. “छान,” ती म्हणाली. “बाप खोटं वजन दाखवतो, भावजय ते लपवते, शिंपी खिसे शिवतो. आणि मी तिकडे दर आठवड्याला फोन करून विचारते, नाना, जेवलात का. ठरलं होतं ते खऱ्या वजनावर. ज्याने काटा फसवला त्याने ठरलेलं मोडलं. सामान बांधा, नाना. चारच्या गाडीने निघू.”

नानांनी टेबलावरची वजनं एका ओळीत लावली. पन्नास वर्षं त्यांनी स्वतः हेच म्हटलं होतं, दुकानादुकानांतून, याच आवाजात.

“ताई,” धाकटा म्हणाला, “एकावन्न आहे ते.”

“तू मध्ये पडू नकोस.”

“मी मध्येच असतो, ताई. लिफ्ट दुरुस्त करतो मी. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांशी रोज बोलतो. त्यांना वर न्यायचं का खाली, हे बाहेरून ओरडून ठरवलं ना, की ती आतून जास्तच घाबरतात.” तो एवढं बोलला आणि स्वतःच दचकला. त्याची मान डोलायची राहून गेली होती.

“एक वाजला,” मास्तर म्हणाले. “भांडण गार झालं तरी चालतं. सूप नाही.”

“बांधायचंच आहे तर जेवून बांधू,” सूनबाई म्हणाली. “ताई, तुम्हीही चला. काय खातात ते डोळ्यांनी बघा, मग न्या.”

शिंप्याच्या दुकानातलं टेबल चांगलं आठ फुटी होतं. कापड बाजूला सारून त्यावर मेणकापड घातलेलं, आणि मेणकापडावर मास्तरांनी खडूने ताटांच्या जागा आखलेल्या. शिलाई यंत्राच्या स्टुलावर सूपचं पातेलं होतं. मास्तर पावाचे तुकडे दोन फडक्यांमध्ये ठेवून त्यांवरून इस्त्री फिरवत होते. लोकरीच्या खुणेवर लावली की पाव करपत नाही, हा त्यांचा शोध. घड्याळजी उकडलेली अंडी सोलत होता, भिंगातून बघत, जणू आत काटे असावेत.

पोस्टातल्या बाई आल्या त्या एका बुटक्या आजींना दंडाला धरूनच. तीस वर्षं त्यांनी घरोघर टपाल वाटलं होतं, आणि आता साडेबाराला सगळ्या जिन्यांवरून चक्कर मारायच्या. “दार उघडत नव्हत्या,” त्या म्हणाल्या. “मी म्हटलं, सही लागेल. लगेच उघडलं. बसा हो इथे. आणि ह्या कोण?”

“माझी थोरली,” नाना म्हणाले. “मला न्यायला आलीय.”

“आधी बसू दे तिला. उभ्याने कुणी नेत नाही.”

टेबलाचा एकच नियम होता: आपल्या ताटात आपण वाढून घ्यायचं नाही. डावीकडच्याला वाढायचं. मास्तरांनी सांगितलं, की स्वतःला वाढताना म्हातारं माणूस हात आखडतं, आणि दुसऱ्याला वाढताना त्याच्यात सावकार संचारतो. नानांच्या डावीकडे त्या बुटक्या आजी होत्या. नानांनी त्यांना सूप वाढलं, पाव वाढला, अंडं वाढलं. आजी नको म्हणाल्या. नाना म्हणाले, “तुम्ही नाही खाल्लंत तर मला खाता येत नाही, असा माझा आजार आहे.” आजींनी सुस्कारा टाकून चमचा उचलला. त्यांनी दोन घास घेतल्यावर नानांनीही घेतले. बोलता बोलता अंडं गेलं, मग पाव, मग घड्याळजीने परतलेले बटाटे. थोरली मोजत होती. अकराव्या घासाला तिची मोजणी चुकली, कारण तिच्या ताटात एव्हाना दुसऱ्यांदा सूप पडलं होतं आणि ते कधी संपलं ते तिला कळलं नव्हतं.

“नाना, मी दोन ताटं आणून ठेवलीत तिकडे,” ती एकदम म्हणाली. आवाज शाळेतला नव्हता. “एकसारखी, निळ्या काठाची. महिना झाला. म्हटलं, रात्री तरी तुम्ही समोर असाल.”

सगळे आपापल्या ताटात बघू लागले. मास्तरांनी गरज नसताना इस्त्री उभी करून ठेवली.

“येतो मग,” नाना म्हणाले. हळूच. “बांधतो सामान. तसंही, काटा फसवला मी.”

थोरलीने बुटक्या आजींच्या ताटाकडे पाहिलं. ते रिकामं होतं. नानांचंही. मग तिने पर्समधून रुमाल काढला, नाकाला लावला, घडी करून ठेवला.

“नाही. राहा इथेच,” ती म्हणाली. “तिकडे अकरा तास तुम्ही डावीकडे कुणाला वाढणार? पण पुढच्या खेपेला जाकीट घरी ठेवायचं.”

“घरी काय, त्याचे खिसेच उसवतो,” मास्तर म्हणाले.

धाकटा दाराशी उभा होता, तो आत येऊन बसला. सूनबाईने नणंदेच्या ताटात न विचारता एक अंडं ठेवलं, आणि नणंदेने ते न बोलता खाल्लं. या दोघींच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडत होतं. पाणी प्यायला थोरलीने ग्लास उचलला, तसं तिच्या मनगटावरचं घड्याळ घसरत घसरत पार कोपरापर्यंत गेलं. तिने सवयीने ते खाली ओढलं. मास्तरांची नजर तिच्या कोटाच्या खांद्यावर गेली. शिवण दंडावर उतरली होती. त्यांनी नानांकडे बघितलं. नाना केव्हाचे तिकडेच बघत होते.

“आणि तू?” नानांनी विचारलं. “तू दुपारी कुणाबरोबर जेवतेस?”

“मी?” थोरली हसली. “माझं काय, नाना! चाळीस शिक्षक आहेत शाळेत. रोज सगळ्यांबरोबर बसून, हे असं, अगदी पोटभर—”

“खोटं,” नाना म्हणाले.